बांबूंचं बिल

साहेब, पावती बघा. दोनशे चाळीस बांबू,
अठरा फुटी माणगा, कुडाळहून आणलेला,
सुतळी सात किलो, ताडपत्र्या बारा.
एप्रिलची नऊ तारीख, रात्री साडेअकरा,
तुमच्याच ऑफिसातून फोन आला:
दळी, सकाळपर्यंत टेकडीवरच्या आठ गल्ल्या बंद पाहिजेत.

म्हटलं, मी मंडप बांधतो, माणसं नाही बांधत.
तुमचा माणूस हसला.
म्हणाला, बिल लगेच निघेल.

बांधल्या.
हळदीला बांधतो तीच निरगाठ,
बापानं शिकवलेली, दोन वेढे आडवे, एक उभा,
भिजली की आणखी आवळते.
पोरं पोटमाळ्याच्या खिडकीतून बघत होती,
त्यांना वाटलं, कुणाचं तरी लग्न.

मग रोज एक नवा कागद.
सोमवारी दुकान उघडं, मंगळवारी गुन्हा,
बुधवारी डावी बाजू, गुरुवारी उजवी,
दूध सातपर्यंत. ताप कधीही.
थाळ्या वाजवा म्हणाले होते, वाजवल्या.
पुढं त्याच थाळ्या घेऊन
आम्ही खिचडीच्या गाडीची वाट बघितली.
गाडी बांबूपाशी थांबायची,
आतून नुसते हात यायचे.

अनसूया भोगटे, खोली सतरा.
तुमच्या यादीत असेल, किंवा नसेलही,
यादी दोनदा बदलली म्हणे.
डंकावर मसाला कुटायची, अंगाला कायम मिरचीचा वास,
सगळी चाळ तिच्यामुळे शिंकायची.
तिच्या निलेशनं वॉर रूमला एकोणीस फोन केले.
बेड आहे, नंबर सांगा.
नंबर सांगितला, तर रिपोर्ट पाठवा.
रिपोर्ट लॅबमध्ये,
लॅबला सील.

अ‍ॅम्ब्युलन्स आली, नाही म्हणत नाही,
पहाटे चारला आली
आणि माझ्या बांबूंसमोर उभी राहिली.
दिवा गरगरत होता, सगळ्यांची तोंडं लाल, मग निळी, मग लाल.

साहेब, गाठ सुटेना.
माझी गाठ. मलाच.
नखं लावली, दात लावले,
सुतळीचा तो घाणेरडा रॉकेलचा वास तोंडात,
शेवटी शंकर गवळ्याकडून कोयता आणला.
किती मिनिटं गेली, मी मोजली नाहीत.
निलेशनं मोजली आहेत.
तो मला सांगत नाही.

आणि गुन्हा कुणावर? माझ्यावर.
कलम एकशे अठ्ठ्याऐंशी, सरकारी अडथळा तोडला.
सरकारी कसा झाला?
पैसे दिलेत का अजून?

तिला तिरडीसुद्धा मिळाली नाही.
चेनवाली पिशवी, त्यावर मार्करनं चुकीचं आडनाव.
तिरडीला लागतात दोन बांबू, साहेब,
आणि थोड्या कामट्या.
गल्लीत दोनशे चाळीस उभे होते.

जूनमध्ये परत फोन. मैदानात मोठं केंद्र, उद्घाटन आहे,
कमान हवी, सोफे हवेत, पांढऱ्या चादरी.
बेड नंतर येतील, फित आधी कापायची होती.
ते बिल चार दिवसांत निघालं.
घेतले मी पैसे. खोटं कशाला बोलू,
दोन महिने पोरांना चहात बुडवून पाव घातला होता.

आता हे जुनं बिल.
अकरावी खेप माझी. टेबल बदललं, पंखा तोच.
तुम्ही म्हणता, फाईल वर गेली आहे.
आमच्याकडे वर गेली म्हणजे काय,
ते तुम्हाला सांगायला नको.

राहू दे. सही कुठं करायची तेवढं सांगा.

एक मात्र झालं.
हल्ली मी सुरगाठच बांधतो,
एक टोक ओढलं की मोकळी.
परवा एका लग्नात मंडप कलला,
जेवणाच्या पंगतीवर झालर आली,
मुलीचा मामा चारचौघांत आईवरून बोलला.
बोलू दे.
मी टोक हातात धरून उभा होतो.