चोथा

सोमवारी हॅलिफॅक्स, मंगळवारी ड्यूजबरी,
बुधवारी फोन वाजला तर कुठेतरी, नाही तर घरी.
बदली शिक्षिकेला नववीचा वर्ग मिळतो,
गळ्यात अडकवायला हिरवी फीत मिळते,
स्वच्छतागृहाचा आकडी कुलूपमंत्रसुद्धा मिळतो.
कप मिळत नाही.

स्टाफरूममधल्या प्रत्येक कपाला मालक असतो.
एक टवका उडालेला, बेवारस दिसला म्हणून उचलला,
तर कळलं, तो मिसेस सटक्लिफचा.
त्या मार्चमध्ये वारल्या.
मी तो धुतला, पुसला,
आणि होता तसाच, कान भिंतीकडे करून,
परत ठेवला.

तेव्हापासून पिशवीत सगळं माझं मी बाळगते.
उभा स्टीलचा थर्मास. बोटभर जाळीचं गाळणं.
आणि हिंगाची जुनी डबी, सात वेळा धुतलेली,
तरी पत्ती भरताना आठव्यांदा हुंगून बघावी अशी.
पत्ती लांब पानाची, काळी, पिळलेली,
वाळलेल्या सुरवंटांसारखी.

मिरजेला आमच्याकडे चहा म्हणजे आधण.
आई पत्तीला भांड्यात कबूल होईपर्यंत उकळायची,
मग दूध, मग पुन्हा उकळी, मग साणशीत धरून
फडक्यातून पिळून शेवटचा थेंब.
इथे भिंतीवरच्या बॉयलरवर ‘उकळतं पाणी’ लिहिलंय.
ते उकळत नाही. त्याला नुसता तसा समज आहे.
दुधाला शेगडी नाही, शेगडीला परवानगी नाही.
म्हणून या वयात शिकले:
ओतायचं, झाकायचं,
आणि ढवळायचा मोह आवरायचा.

मधली सुट्टी पंधरा मिनिटांची,
त्यातली सहा जिन्यात जातात.
तेव्हा मी तास संपायच्या चार मिनिटं आधी
फळ्यावर शेवटचं समीकरण मांडते
आणि गाळणं पाण्यात सोडते.
मुलं क्ष शोधतात. पानं एकेक उलगडतात.
बहुतेक वेळा पानं आधी.

‘मिस, ह्यात काय बुडलंय?’
‘चहा आहे, हारून.’
तो वाकून बघतो, दूध शोधतो.
‘माझी नानी ह्याला चहा म्हणणार नाही.’
‘माझी आईसुद्धा नाही म्हणणार. बस खाली.’

मग एका गुरुवारी सिंक तुंबलं.
पाटी लागली, प्लास्टिकमध्ये घालून:
सिंकमध्ये चहाची पानं टाकू नयेत.
माझ्याकडे कुणीही बघितलं नाही.
इतकं काळजीपूर्वक कुणीही बघितलं नाही,
की माझ्या लक्षात आलं.

शाळेचे राखणदार बॅराक्लफ पाना घेऊन आले,
गुडघे मोडून सिंकखाली शिरले.
नळीतून निघाल्या शेवया, केसांचा गुंता,
नाताळची चमकी, कुणाची तरी कानातली रिंग.
माझं एक पान नाही.
‘तुम्ही टाकता कुठे?’ त्यांनी आतूनच विचारलं.
मी पर्समधून पिशवी काढली.
ओला चोथा, दिवसभराचा, गाठ मारलेला.
रोज घरी नेते, काय सांगू,
सासरी पहिल्या महिन्यात वागावं तशी.

‘इकडे द्या,’ म्हणाले. ‘माझ्या रूबार्बला.’
रूबार्ब म्हणजे लाल आंबट देठ,
आपल्या अंबाडीची लांबची बहीण वाटावी अशी चव,
इथे साखरेत शिजवतात, आणि वर कस्टर्ड.

पुढच्या मंगळवारी बॉयलरखोलीच्या दाराशी
मार्गारिनचा रिकामा डबा ठेवलेला,
वर जाड मार्करने नाव.
अष्टेकर त्यांना जमलं नव्हतं.
‘मिस ॲस्टर’ लिहिलं होतं.
ॲस्टर म्हणजे फूल, ते म्हणाले, जांभळं, उशिरा येणारं.
मी दुरुस्त केलं नाही.
वर्गात एका अक्षराची चूक
मी कधी सोडत नाही.

जूनमध्ये विचारलं, फरक पडला का हो रूबार्बला?
त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.
‘काडीचा नाही,’ म्हणाले.
‘पण शेडला वास बरा येतो.’

आज बुधवार. हडर्सफील्ड, नवी शाळा,
इथलाही बॉयलर तसाच गैरसमजात.
कपांच्या रांगेकडे मी बघतही नाही.
गाळणं झटकते, चोथा पिशवीत घालते,
गाठ मारते.
मंगळवारपर्यंत राहतो तो, फ्रिजमध्ये,
कोथिंबिरीच्या मागे.