खिडक्यांची फाइल

विडी घरकुलातल्या आमच्या खोलीला खिडकी एकच,
तीही अडम मावशींच्या मोरीकडे उघडणारी.
म्हणूनही असेल,
नवा एडिटर बसवला त्या रात्री
मी आधी खिडक्याच काढत सुटले.

मधोमध एक उभी चीर:
डावीकडे कोड, उजवीकडे त्याच्या चुका.
खाली आडवी पट्टी, तिथे सर्व्हर पुटपुटत राहणार,
काळ्यावर हिरवं.
मग उजव्या भागाची पुन्हा दोन शकलं,
मग त्यातल्या एका शकलाचीही.
तेरा इंचांचा पडदा. अक्षरं मुंगीएवढी झाली
तेव्हा थांबले.

पडदा पुरेना म्हणून दालनं केली.
पहिल्यात बंगळूरच्या कंपनीचं काम.
दुसऱ्यात नायनांच्या फंडाचा अर्ज,
कारखाना बंद पडून नऊ वर्षं, पानं सत्तावीस.
तिसऱ्यात काहीच नाही.
ते तसंच ठेवलं. रिकामी जागा
आमच्या घरात कुणी पाहिली नव्हती.

कळांच्या जोड्या बांधल्या: कंट्रोल आणि एक,
कंट्रोल आणि दोन.
प्रत्येक ओळीच्या डोक्यावर मराठीत शेरा,
कारण सहा महिन्यांनी मीच विचारणार, हे कुणी केलं बे.
इथून उडी मारली की उजवीकडेच पडायचं.
झाकलेली खिडकी बंद समजू नये.
वीज गेली तर होतं तसं पुन्हा मांड.

आणि वीज गेलीच. पावणेबारा, एप्रिल,
बॅटरी मेलेला लॅपटॉप, पंखा, गल्ली, सगळं एकदम.
आली तेव्हा खिडक्या जागच्या जागी होत्या,
कर्सर अर्ध्या शब्दावर लुकलुकत,
जणू तो मधे कुठे गेलाच नव्हता.

नायना जागेच होते. या उकाड्यात झोपतंय कोण.
पाठीमागे येऊन उभे राहिले,
हवेत बोटं नाचवली: एन्नी?
मी चार दाखवली.
दालनांसकट अकरा होतात, पण ते कसं सांगू.

चार मी पण बघायचो, ते म्हणाले, फार मोठ्यानं,
स्वतःचा आवाज त्यांना पोचत नाही म्हणून.
आई कुशीवर वळली. सुपातली पानं सळसळली.
चार माग, एक माणूस. अक्कलकोट रोडला.
एकाकडं तोंड, तिघांकडं पाठ.

मग पाठीमागे धागा तुटला तर?
मी हातांनी तुटका धागा करून विचारलं.
(मी घंटी लावणार होते. चूक झाली की टिंग.)

कान तर पाचव्या वर्षीच गेले की गं.
त्यांनी चप्पल काढली,
तळवा फरशीवर टेकवला, सावकाश,
पाणी किती गार आहे ते बघावं तसा.
इथनं. तिसरा अडला की टाचेत कळायचं.
पहिल्याची कांडी संपत आली की अंगठ्यापाशी हलकं.
मालक आला तर तेही. जड बूट घालायचा.

मी घंटीची ओळ पुसली नाही,
तिच्यापुढे खूण टाकून झाकून ठेवली.
चाचण्या सुरू केल्या आणि दुसऱ्या दालनात गेले.
अर्ज, पान एकोणीस: कामाचे स्वरूप.
समोर चौकट. एका ओळीची.
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

नायनांनी लॅपटॉपच्या कडेवर तळहात ठेवला.
मागं कायतरी चालू आहे, म्हणाले.
मी मान हलवली.
मोरीत मावशींनी बादली सरकवली,
उद्या पाणी येणार, पाचव्या दिवशी.

मग त्यांनी हात उचलला.
थांबला. संपलाय का अडलाय?

कंट्रोल आणि एक.
अडला होता.
तीनशेतल्या दोनशे एक्केचाळीसवर.