रेषेखाली

पहिल्या पानावर, तळापासून दीड वीत वर,
मी एक जाड काळी रेघ बसवतो.
रेघेच्या वर मंत्री, खाणींचे करार,
अँटवर्पला लागलेली जहाजं.
रेघेखाली मादलोन, वय एकोणीस,
जिला गेले त्रेचाळीस दिवस खोकला आहे.

आम्ही जुळारी. उलटी अक्षरं सुलट वाचणारे.
उद्याचं मरण आम्हाला आज रात्रीच कळतं,
बोटांना आधी, मग डोळ्यांना.

सकाळी लीएजभर
मंत्री जातात मासे गुंडाळायला
आणि मादलोन जाते कात्रीखाली, मग सुईदोऱ्याखाली.

आमच्या इमारतीची राखण करणाऱ्या लेओकादीबाई
त्याही रेघेखालीच राहतात.
चार मजल्यांची पावलं त्यांच्या छतावरून चालतात.
मी पहाटे परततो तेव्हा दाराच्या फटीतून
आधी खोकला येतो, मग प्रश्न:
"एवढंच सांगा देपास, जगते ना?"
मी म्हणतो, "क्रमशः."
त्या म्हणतात, "मेल्या."

लेखकमहाशयांना ओळीमागे पैसे.
म्हणून त्यांची माणसं अशी बोलतात:
"कोण?"
"मी."
"तू?"
"मीच."
चार ओळी. एक ग्लास बिअर.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मजकूर आलाच नाही.
पोऱ्या तीनदा जाऊन आला. दार बंद, दिवा चालू.
संपादक म्हणाले, रेघेखाली पांढरं जाता कामा नये.
कुणाला मारू नका, कुणाचं लग्न लावू नका,
बाकी काय ते बघा. आणि कोट चढवून गेले.

मी कागद घेतलाच नाही. थेट शिशात लिहिलं.
मादलोन उठली.
खिडकीची कडी घट्ट होती, तिने नाद सोडला.
शेजारीण कांद्याच्या पातीचं सूप घेऊन आली,
मीठ कमी, पण गरम.
ते प्यायली. वाडगा धुऊन पालथा घातला.
खालून कोळशाची गाडी गेली,
घोडा कोपऱ्यावर थांबला, नेहमीसारखा.
एवढंच. एकशे चाळीस ओळी एवढंच.
छापून झाल्यावर ध्यानात आलं,
ती एकदाही खोकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेखकमहाशय शुद्धीवर आले.
मादलोनला कुण्या सरदाराने पळवलं,
गाडी उलटली, अस्तरात शिवलेलं पत्र सापडलं,
खोकला परत आला, रक्तासकट.
मधल्या त्या दिवसाबद्दल कुणाची तक्रार नाही.

फक्त लेओकादीबाई दारात उभ्या,
हातात ती पट्टी, अजून न शिवलेली.
"परवा तुमचा लेखक बरा नव्हता वाटतं.
सूप अगदी आपल्या गल्लीतलं होतं."
मी टोपी झटकली. बर्फ नव्हतंच तिच्यावर.
त्यांनी माझ्या नखांतल्या काळ्याकडे पाहिलं,
पट्टीची घडी घातली, पोलक्यात खोचली.
"मीठ तेवढं घालत जा," म्हणाल्या.