मऊ बोल्ट

उद्यमनगरात काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"ताई, ह्यो घ्या. जन्मात तुटायचा न्हाई."
म्हटलं, मग नको. तुटणारा दे.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग माझ्या तळहातावरच्या दोन तुकड्यांकडं,
मग आत शेठकडं.
शेठ तोवर खालचा खण उघडून
मऊ बोल्ट वजनावर टाकत होता. अर्धा किलो.

हे शहाणपण माझं नव्हे. सात्ताप्पामामांचं.
बावीस वर्षं ते ग्रेफमध्ये होते,
मिशीवर श्वास गोठणाऱ्या एका खिंडीत
ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र
रस्त्यावरचा बर्फ खायचं आणि दरीत थुंकायचं.
नेसरीला परत आले तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं,
बर्फ दिसतो कसा?
"पाचटासारखा."
सगळे हसले.

आमच्या गटानं कुट्टी मशीन घेतलं त्या साली कळलं,
ती चेष्टा नव्हती.
ऊस तुटून गेलेल्या रानात गुडघाभर पाचट,
वरचं वाऱ्यावर उडणारं,
खालचं रात्रभर दंव पिऊन जडावलेलं.
"वरला भुसा, खालला सिमेंट," मामा म्हणाले,
"खालल्याला भ्यायचं."

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही.
पोतं देऊन सरी-सरीनं चालवलं.
दगड निघाले, ठिबकची फाटकी नळी, गंजका कोयता,
आणि टोळीतल्या कुणा पोराची एक चप्पल.
ती त्यांनी बराच वेळ हातात धरली.
मग बांधावर जाऊन पोरं मोजली.
दुसऱ्यांदा मोजली.

पदर खोच. ओढणीवालीला जवळ येऊ देऊ नको.
शाफ्ट एका मिनिटात पाचशेचाळीस फेरे घेतो,
तू 'अगं' म्हणेस्तोवर नऊ.
त्याच्यावरची पिवळी नळी फुटली की काम बंद,
मालक कितीका ओरडेना.
गिअर लो-फर्स्ट, रेस पुरी:
घाई पात्यात असू दे, चाकात नको.
वारा बघून तोंड फिरव,
आपण फेकलेलं आपल्याच डोळ्यात येतं,
तिकडं बी, हिकडं बी.

आणि चोंदलं की
क्लच. पीटीओ. इंजिन.
चावी कनवटीला.
"मग मी एक विडी ओढायचो."
मी ओढत नाही, मामा.
"मग आकडे म्हण. शंभरापातूर.
पाती थांबली म्हंजे थांबली असं नसतंय."
त्यानंतर वेळूचा दांडा. हात नाही. कधीच हात नाही.

एकदाच सांगितलं त्यांनी, चहा गार होत असताना.
दोर्जे नावाचा हेल्पर, एकोणीस वर्षांचा.
इंजिन बंद होतं, चावी मामांच्याच खिशात.
त्यानं गोठलेला गोळा उपसला,
आणि आत पिळून बसलेलं यंत्र
अर्धा फेरा फिरलं.
अर्धाच.
"मऊ बोल्ट संपले होते. तुटला असता तर पीळ निघून गेला असता.
कडक मीच घातला होता."
कप तसाच ठेवून ते गोठ्याकडं गेले.
म्हशीनं पाणी प्यालेलं होतं, तरी पुन्हा पाजलं.

आज खोडव्याच्या रानात, सातव्या सरीला, टक्क.
एवढासा आवाज.
ट्रॅक्टर गुरगुरत पुढं आणि पाती मुकाट.
सगळं बंद केलं. कनवटीला थंड चावी लागली.
चाळीसपर्यंत आले तेव्हा टोळीचा मुकादम ओरडला,
आवरा की, दिवस मावळंल!
मी एक्केचाळीस म्हटलं.

मामांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही.
हंगाम संपला की ते एकर विचारत नाहीत,
पैसे विचारत नाहीत.
"किती तुटले?"
अकरा, मामा. अकरा!
पलीकडं बराच वेळ नुसता श्वास.
"बरं झालं," म्हणतात.