एक दिवसाआड

आमच्याकडे लोकमान्य नगरात नर्मदा एक दिवसाआड येते.
पावणेसहाला नळ आधी खोकतो,
मग नुसती हवा,
मग कुठे पाणी.
तीन वर्षं मीही तसाच होतो, एक दिवसाआडचा.
सोम, बुध, शुक्र. चार तास. खिडकीकडची खाट.
शेजारी खजराण्याचे अन्वरभाई,
सुई टोचताना छताकडे बघून
कालच्या मॅचचा स्कोअर सांगायचे.
एका बुधवारी ती खाट रिकामी होती.
स्कोअर मी विचारला नाही कुणाला.

दिवसाला अर्धा लिटर. त्यातच चहा, त्यातच वरण.
मे महिन्यात बर्फाचा एक खडा जिभेखाली धरून
मी शेजारच्यांच्या कूलरची टिपटिप ऐकत पडायचो
आणि त्यांचा राग यायचा.

आता फ्रीजवर कागद आहे: तीन लिटर, रोज.
डॉक्टर म्हणाले, टेबलावरच सुरू झाली.
जोडली, चिमटा काढला, गुलाबी झाली
आणि लागली कामाला.
वैजू कुणाकडेही गेली की अशीच,
पर्स खुंटीला अडकवायच्या आत भांडी घासायला.

पट्ट्याच्या खाली, उजवीकडे आहे. हात ठेवला की लागते.
माझ्या जुन्या दोन्ही काढल्या नाहीत, काढत नाहीत म्हणे.
म्हणजे माझ्याकडे तीन, वैजूकडे एक.
बँकेत बावीस वर्षं कॅश सांभाळली मी,
हा ताळा मात्र बसत नाही.

डाव्या हातातली फिस्टुला अजून घुरघुरते, मांजरासारखी.
तिला कुणी सांगितलेलंच नाही की संपलं.

सराफा बंद. दुकानातले पोहे बंद. पपनस तर कायमचं.
सकाळी आठ, रात्री आठ, गोळ्या,
ज्या माझ्या शरीराला समजावतात
की ही परकी नाही, ही आपलीच आहे.
शरीर ऐकतं, पण रोज नव्याने सांगावं लागतं.

मला मात्र एकदाच सांगितलं, पुरलं.
वैजू म्हणाली, बाबांची लूना विकू? विक.
जिन्याला पिस्ता रंग देऊ? दे.
शौनकला नेव्हीत पाठवू?
तू म्हणशील तसं.
वर्षभर असंच. तू म्हणशील तसं.

परवा गराडू तळत होती, माझ्यासाठी, माझ्याच स्वयंपाकघरात.
पाठमोरीच म्हणाली,
अठ्ठ्याऐंशी साली बाबांचा रेडिओ तूच पाडलास.
मी म्हटलं, हो. मीच.

तिने झारा खाली ठेवला.
गॅस बंद केला.
तू नाही पाडलास. मी पाडला. तुला माहीत आहे मी पाडला.
इतकी वर्षं नाही नाही म्हणत आलास,
आणि आज हो?
भांड की, मेल्या!
किडनी दिलीय, तुझी जीभ नाही कापून घेतली.

तेल थंड होत गेलं.
मला आधी काही सुचेना.
मग खूप खालून, कुठून तरी, वर आलं:
मग छडी मी का खाल्ली?
तू पडद्यामागे उभी होतीस, वैजू. पाय दिसत होते तुझे.
आणि पिस्ता! पिस्ता रंग कुणी देतं का जिन्याला?

आईच्या पाटल्यांपर्यंत गेलो आम्ही.
तिच्या लग्नात मी उशिरा आलो तिथपर्यंत.
समोरच्या जोशीबाईंनी खिडकी उघडली, नीट ऐकायला.
मधेच आठचा गजर झाला.
तिने बोलता बोलता पेला भरला,
मी ऐकता ऐकता गोळ्या गिळल्या,
आणि पेला खाली ठेवून म्हटलं, खोटं. साफ खोटं.

चपला फटफट वाजवत गेली. फाटक उघडंच टाकलं.
गराडू कच्चेच राहिले.
मी रात्री तीनदा उठलो, तिन्ही वेळा
अंधारात तो आवाज ऐकत उभा राहिलो,
अजूनही ऐकतो, लाज वाटत नाही.

सकाळी आमचा नळाचा दिवस नव्हता.
वैशाली नगरात, तिच्याकडे, होता.
साडेसहाला शौनक आला स्कूटरवर,
पायाशी दोन कॅन, काठोकाठ, झाकणाला प्लास्टिक बांधलेलं.
आई अजून चिडलेली आहे, म्हणाला.
आणि म्हणाली,
कॅन परत पाठवा.