रकाना सातवा

जीप माझी नाही.
मुनीरमियांची आहे, आणि खरं बोलायचं तर
पुरती त्यांचीही नाही.
कालव्याच्या ऑफिसातल्या लिलावात घेतलेली,
सरकारनं नंबर काढून घेतला
आणि नवा नंबर घ्यायला परभणीला जायचं
त्यांच्याकडून राहूनच गेलं.

मग ते सेलू सोडून पोराकडं जालन्याला गेले.
"आठ दिवस राहू द्या, अक्का, गिरणीमागं."

अकरा वर्षं माझ्या गिरणीचं पीठ
तिच्या बॉनेटवर बसलं.
ज्वारीचं, गव्हाचं,
दिवाळीच्या तोंडावर हरभऱ्याच्या डाळीचं.
दळण घेऊन आलेली पोरं
बोटानं नावं लिहायची त्यावर.
मी फडकं मारलं की सगळी गल्ली पुसली जायची.
एक नाव मी मुद्दाम चार दिवस ठेवलं होतं.
कुणाचं, ते सांगणार नाही.

परवा फोन आला,
अर्धं अंग गेलेल्या माणसाचा आवाज.
"गाडी धाडा, अक्का. नुसतं बसायचंय.
पण चालवत नका आणू कुणाकडून,
तुम्ही अडकाल."

चालवायला किल्ली कुठंय?
चाकातली हवा तर कोरोनाच्या आधीच गेलेली.
पण अडकतं माणूस, हे खरं.
दुसऱ्याच्या वस्तूत जास्त.

परभणीला आरटीओच्या फाटकाबाहेर
लिंबाखाली टेबल टाकून बसतो
तो भुजंग साळेगावकर.
नोंदणी? नाही.
विमा? नाही.
गाडी तुमची? नाही.
"मग मावशी, तुम्ही आलात कामून?"

तरी भला माणूस. सांगितलं नीट.
चाक रस्त्याला लागू द्यायचं नाही.
दोरी बांधून ओढली तरी ती रस्त्यावर आलीच.
उचलायची, आणि ज्याचे कागद पक्के
अशा गाडीवर ठेवायची.
मालकाची चिठ्ठी, लिलावाची पावती,
आणि हा एक अर्ज.

नाव, वय, धंदा, गाव,
भराभर लिहीत गेला.
सातव्या रकान्यात थांबला.
मालकाशी नातं?

बहीण लिहा, म्हटलं.
"रक्ताची?"
शेजारीण लिहा.
"ते तर अकरा वर्षं जालन्यात."
मग राखणदार.
"पगार किती?"

त्यानं पेनाला टोपण लावलं.
"मोकळाच राहू द्या. मोकळ्या रकान्याला
दंड नाही."

विहीर खोदायची यारी आणली.
आधी तोंड उचललं, मग बूड.
मारोती घुगेच्या आयशरमध्ये
ती अशी बसली, जशी पहिल्यांदा एसटीत बसलेली म्हातारी,
कुणाकडं न बघता.
खाली जमीन निघाली काळी, कोरडी, बरोबर जीपएवढी.
भोवतीनं सगळं पांढरं.
मी तिथं पाय ठेवला नाही.

वाटूर फाट्यावर हवालदारानं हात केला.
मारोतीचे कागद बघितले, माझे बघितले,
मग मागं जाऊन
बिननंबरच्या त्या तोंडाकडं बघत राहिला.
"चालत नाही ना?"
नाही.
"मग ही गाडी नाही. माल आहे. जाऊ द्या."

माल.
मारोती हसायला लागला, मला हसू येईना.
मंठ्यापासून आतापर्यंत मी दहादा
मागच्या काचेतून बघून घेतलं होतं,
दोर ढिला तर नाही ना झाला.

जालन्यात चौघांनी धरून त्यांना बसवलं.
डावा हात नुसता मांडीवर.
उजव्यानं स्टेअरिंग धरलं, सोडलं.
मला वाटलं रडतील, नाही रडले.
वाऱ्यानं बॉनेट पार धुऊन काढलं होतं,
पण मीटरच्या काचेच्या कडेला
थोडं राहिलं होतं.
तिथं बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.

"ज्वारी," म्हणाले.
मग तोंडाची जी बाजू हलते तिनं
बराच वेळ चव घेत बसले.