तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी दूध आलं.
शरीराला कुणी सांगितलंच नव्हतं.
ते आपलं भल्या पहाटे
पाटणीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
कामावर हजर झालं.

पोलकं भिजलं.
भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं, प्रभू,
तिसरा दिवस तुझाही होता ना?
तुझी धोंड सरकली.
माझ्याकडे हे.

परवा रत्नाकरनं खोका मांडीवर घेतला होता,
रिक्षात, एम. वाय.पासून कबरस्तानापर्यंत.
लहानसाच. पुठ्ठ्याचा, वर पांढरं फडकं.
रिक्षावाल्यानं आरशात पाहून विचारलं,
'मिठाई है क्या, भिया?'
हा म्हणाला, हो.
जन्मात खोटं न बोललेला माणूस.
तेवढं एक त्याच्या खाती मांडू नकोस.

पाळकसाहेब आले. म्हणाले,
देवाच्या बागेत एक फूल कमी पडलं होतं.
मी गप्प. मनात म्हटलं,
एवढी थोर बाग, आणि माळी असा हावरा?
मंडळीतल्या बाया आल्या,
हिंदीतून प्रार्थना केली, गोल बसून.
'धीरज' हा शब्द सतरा वेळा. मोजला मी.
इंदूरला येऊन सहा वर्षं झाली,
भाव करते हिंदीत, भांडते हिंदीत,
हे मात्र मराठीतच दुखत होतं.

मग दुपारी एकट्या आल्या मार्थाबाई उजागरे,
मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या दाई.
डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत.
कोबीची गार पानं छातीवर ठेवली,
वरून मलमलीचा पट्टा आवळला,
आणि गाठ मारता मारता म्हणाल्या,
'माझे दोन आहेत तिथं. चिंचेपाशी.
एकाचं नाव ठेवलं होतं. एकाचं राहिलं.'
उरलेल्या कोबीची भाजी टाकली,
दोन पोळ्या लाटल्या, झाकून ठेवल्या, गेल्या.

मी जेवले.
मीठ जास्त होतं.
प्रभुभोजन म्हणतात ते
कदाचित असंच कधीतरी सुरू झालं असेल,
कुणाला घास जात नव्हता म्हणून.

महिनाभर रविवार चुकवले.
मग एका शनिवारी गेले,
पेले धुवायची पाळी माझी होती, म्हणून.
बासष्ट पेले, काचेचे, अंगठ्याएवढे.
बोट जेमतेम आत जातं.
कुठलासा एक पुसताना
तो हातात मावला, इतका नीट मावला
की आवाज फुटला माझा.
नळ सोडलेला होता, ते बरं.

खांद्यावर कुणी हात ठेवला नाही.
खिडकीतून उजेड वगैरे आला नाही.
बाहेर छावणीच्या वळणावर हॉर्न वाजत होते.
एवढंच कळलं, की
ज्याच्याशी मी महिनाभर भांडत होते
तो उठून गेला नव्हता.
त्यालाही फडक्यात गुंडाळून नेलं होतं,
परक्याच्या जागेत ठेवलं होतं.
त्या शुक्रवारी त्याची आई
रिकामे हात घेऊन घरी कशी गेली,
रात्री काय जेवली, कुणी वाढलं,
हे कुणी लिहून ठेवलं नाही.
मीही तिला विचारलं नाही.
आम्ही दोघींनी मिळून बासष्ट पेले पुसले.

जाताना पाळकसाहेबांनी नोंदवही उघडली.
बाप्तिस्म्याच्या रकान्यात, पेन्सिलीनं,
ऑगस्टचा दुसरा रविवार,
आणि पुढे: सुवार्ता रत्नाकर शीलवंत.
'खोडू का?' म्हणाले.
त्यांचा हात थरथरत होता. मी प्रथमच पाहिला.
नको म्हटलं.
त्यांनी रबर खिशात ठेवला.
फुलाचं पुन्हा बोलले नाहीत.

आता कधी कधी संध्याकाळी
मार्थाबाई आणि मी जातो.
पानं झाडतो, पाणी शिंपडतो,
येताना कोपऱ्यावरून शेव घेतो, कागदातली, तिखट.
त्यांच्या दोघांपाशी माझी एक.
ती त्यांची थोरली की धाकटी,
यावर आमचं अजून एकमत नाही.